आधी ठेका, मग सूर : पाच तारांचा बँजो घरच्या घरी शिकताना

पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात मी "बँजो आहे का?" असं विचारलं, तेव्हा मालकांनी क्षणभरही विचार न करता माळ्यावरून एक लांबट पेटी काढली. वर टाइपरायटरसारखी बटणं, आत तारा, कडेला अ‍ॅम्प्लिफायरची पिन खुपसायला भोक. गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी वाजवते तो हा बँजो. मी म्हटलं, "काका, हा नव्हे. डफासारखा गोल असतो, त्याला लांब दांडी असते, तो." त्यांनी पेटी परत वर ठेवली. "तो गोऱ्यांचा. तो इथे कोण घेणार?"

दुसरं वाक्य अगदी खरं होतं. पहिलं मात्र नाही. आपला मिरवणुकीतला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. जपानमध्ये १९१२ साली निघालेल्या तैशोगोतो नावाच्या वाद्याचा हा आपल्याकडचा अवतार, आणि गोल बँजोशी त्याचं नावापलीकडे नातं नाही. गोल बँजो अमेरिकेतला खरा, पण तो तिथे नेला पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. म्हणजे वाद्य हातात नव्हे, डोक्यात नेलं; तिथे गेल्यावर भोपळ्यावर कातडं ताणून पुन्हा बनवलं. हान्स स्लोन या वैद्याने जमैकात पाहिलेल्या अशा वाद्यांचं चित्र १७०७ सालच्या त्याच्या ग्रंथात आहे. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफर्सननेही १७८०च्या दशकात 'बँजार'बद्दल लिहिताना हे वाद्य गुलामांनी आफ्रिकेतून आणलं असं स्वच्छ म्हटलंय. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं अकोंटिंग आजही पाहायला मिळतं: भोपळा, लांब दांडी, एक आखूड तार. नखाने तार वरून खाली मारायची आणि आखूड तार अंगठ्याने छेडायची. मी या लेखात जी पद्धत सांगणार आहे ती हीच. इंग्रजीत तिला क्लॉहॅमर म्हणतात.

मी हौशी माणूस आहे. लहानपणी चार वर्षं पेटी शिकलो, तेवढंच. नोकरीमुळे तीन वर्षं नॉर्थ कॅरोलायनात कॅरी गावी राहिलो. तिथे मराठी माणसं इतकी, की चितळ्यांची बाकरवडी शोधत फिरावं लागत नाही. एका शनिवारी सहज म्हणून अडीच तास गाडी हाकत माउंट एरी या डोंगराळ गावात गेलो. तिथल्या अर्ल थिएटरात दर शनिवारी डब्ल्यूपीएक्यू रेडिओचा कार्यक्रम प्रेक्षकांसमोर होतो; ते केंद्र १९४८ पासून स्थानिक वादकांना वाजवायला बसवतंय. पण मला लागलं ते स्टेजवरचं नाही. बाहेर चार-पाच म्हातारी आणि दोन पोरं खुर्च्यांचं कोंडाळं करून बसली होती. फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच), बँजो, गिटार. एकच चाल सुरू झाली ती संपेचना. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मला कंटाळा यायला लागला, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला कधीतरी तो गेला. माझा पाय आपोआप हलत होता. आजोबांबरोबर काकड आरतीला बसायचो तेव्हा एकच अभंग वर चढत चढत जायचा, तसं काहीसं. कोणी कोणाला ऐकवत नव्हतं, सगळे मिळून एक चाल फिरवत होते.

याला तिकडे ओल्ड-टाइम म्हणतात. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरांतलं नाचाचं संगीत, फिडल आणि बँजो या जोडीवर उभं राहिलेलं. बँजो म्हटलं की अनेकांच्या कानात जे भरधाव वाजतं ते ब्लूग्रास. १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा बँजोवादक बिल मन्रोच्या बँडमध्ये आला, त्याने तीन बोटांत नख्या घालून जी शैली गाजवली ती. त्यात एकेक जण पुढे येऊन करामत दाखवतो. ओल्ड-टाइममध्ये तसं कोणी पुढे येत नाही. हे आधीच सांगतो, कारण मी इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून पहिले चार महिने चुकीच्या पद्धतीची बोटं बसवली आणि नंतर ती मोडायला आणखी दोन महिने गेले.

कुठला बँजो घ्यायचा

पाच तारांचा, मागून उघडा. बस्स. बँजो चार तारांचे असतात (ते जॅझ आणि आयरिश वादनाचे), सहा तारांचे असतात (गिटारवाल्यांच्या सोयीचे), आणि युकुलेलेएवढे छोटेही असतात. ऑनलाइन यादीत सगळे नुसते 'बँजो' म्हणून भेटतात, म्हणून फोटोत खुंट्या मोजा: टोकाला चार, आणि दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी (पडदे म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या), बाजूला एक. ती एकुलती एक खुंटी दिसली नाही तर तो आपला बँजो नव्हे.

मागच्या बाजूला लाकडी ताटली लावलेली असेल तर आवाज मोठा आणि चिरका होतो. ब्लूग्रासवाल्यांना तो हवा असतो. आपल्याला मागून मोकळा हवा. तो हलकाही असतो आणि फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांनाही सोसवतो. मी डीअरिंग या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा गुडटाइम घेतला: मेपलचं कडं, अकरा इंची पुडी (तबल्यासारखं ताणलेलं तोंड), बावीस पडदे. परत येताना गिटारच्या मऊ पिशवीत घालून हातातच आणला. इथे मागवायचा झाला तर कस्टम्ससकट हिशेब करा, नाहीतर पार्सल दारात आल्यावर तोंड वाकडं होतं. कोणी नातेवाईक डिसेंबरात येणार असेल तर ती सगळ्यात स्वस्त वाट. फार स्वस्तातले बँजो मी टाळायला सांगेन, लाकडासाठी नव्हे तर खुंट्यांसाठी. पाचवी खुंटी घसरायला लागली की माणूस शिकणं सोडून देतो आणि दोष आपल्या कानाला देतो.

पुडी प्लास्टिकचीच घ्या. कातड्याच्या पुडीचा आवाज सुंदर असतो, यात वाद नाही. पण जुलैत ढोलकी कशी बसते ते आपल्याला माहीत आहे. अमेरिकेतही १९५०च्या दशकाअखेरीपासून प्लास्टिकच्या पुड्या आल्या आणि बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

हातात आल्यावरचा पहिला तास

बँजोची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लाकडी पट्टी, चिकटवलेली नसते. ती तारांच्या दाबाखाली पुडीवर नुसती उभी असते, आणि प्रवासात हमखास सरकते. माझा बँजो घरी आला तेव्हा घोडी तिरकी होती. मी आठवडाभर "वाद्य बेसूर आहे" म्हणून हळहळलो. ती अशी बसवायची: मेरूपासून (खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत. टेप लावून साधारण जागा ठरवा. मग पहिल्या तारेवर बाराव्या पडद्याच्या बरोब्बर वर बोट नुसतं टेकवून तार छेडा, घंटेसारखा सूर येईल. आता तीच तार त्याच पडद्यावर दाबून छेडा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी मागे, म्हणजे तारा बांधलेल्या टोकाकडे सरकवा. उतरलेला असेल तर दांडीकडे. चौथ्या तारेवरही हेच तपासा. जमलं की घोडीच्या पायांशी पेन्सिलीने दोन बारीक खुणा करून ठेवा.

तारा बदलताना सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. एक काढा, एक लावा. नाहीतर घोडी निपचित पडते आणि सगळं पहिल्यापासून.

पुडी अंगठ्याने दाबून बघा. थोडी लवावी, खड्डा पडू नये. ढिली असेल तर पुडी ताणून धरणारे कडेचे आकडे (हूक) समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येक वेळी पाव आटा एवढेच आवळा. एका बाजूने आवळत गेलात तर कडं वाकडं बसतं. आणि शेवटचं म्हणजे एक जुना पायमोजा. पुडीच्या मागे, आतल्या दांड्याच्या आणि पुडीच्या मध्ये खोचा. बँजोचा खणखणाट उतरून 'टक्' असा गोल, जुना आवाज येतो. हा काही माझा शोध नाही, तिकडचे भलेभले वादकही चिंध्या कोंबतात.

तारा लावणं, पेटीच्या भाषेत

सुरुवातीचं लावणं 'ओपन जी'. पेटीवर पांढरी पाच हा षड्ज धरा. मग तारा अशा लागतात: चौथी, म्हणजे सगळ्यात जाड, मंद्र पंचम, तिसरी षड्ज, दुसरी शुद्ध गंधार, पहिली पंचम, आणि वरच्या बाजूची आखूड पाचवी, तार षड्ज. ट्यूनरवर हेच पाचवीपासून जी-डी-जी-बी-डी असं दिसेल. ट्यूनर नेमका सप्तक दाखवत नसेल तर पाचवी तार ओढताना जपा. ती पहिलीपेक्षा वर असते हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही, आणि कधी सुरात आलेली तार आणखी एक सप्तक चढवायच्या नादात तुटते. माझ्या दोन गेल्या.

ज्यांनी सतार जवळून पाहिली आहे त्यांना पाचव्या तारेचं काम सांगावं लागणार नाही. ती चिकारी आहे. तिच्यावर बोट कधी ठेवायचं नाही (अपवाद आहेत, पण पुढचं वर्षभर नाहीच). ती सतत षड्ज सांगत राहते, आणि चाल तिच्या अवतीभवती फिरते. माझा एक उपाय: तानपुऱ्याचं ॲप पांढरी पाचवर लावून त्यासोबत सराव करायचा. ठोके देणाऱ्या मेट्रोनोमपेक्षा मन लागतं, आणि तार जराशी उतरली तरी कान लगेच सांगतो.

उजवा हात : इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट

पहिले दोन आठवडे डाव्या हाताला काम नाही. हे वाचून जे वाचक मान डोलावतात तेही तिसऱ्या दिवशी चाल शोधायला लागतात. मीही लागलो होतो. पण बँजोत चाल ही ठेक्याच्या पोटात असते. ठेका बसला की चाल त्यात आपोआप येऊन बसते. ठेका नसताना काढलेली चाल म्हणजे पेटीवर एका बोटाने वाजवलेलं जन-गण-मन.

खुर्चीवर ताठ बसा. पुडी उजव्या मांडीवर, दांडी डावीकडे थोडी वर. उजव्या हाताची मूठ अर्धी मिटा, जणू हातात चहाचा पेला धरलाय. आता तर्जनी किंवा मधलं बोट, जे सोयीचं वाटेल ते, किंचित पुढे काढा. (मी मधलं वापरतो. माझं तर्जनीचं नख टिकत नाही.) या क्षणापासून त्या बोटाने स्वतः हलायचं नाही. हलायचा तो पंजा, मनगटातून आणि कोपरातून. दारावर आपण टकटक करतो तेव्हा बोटं एकेक करून हलतात का? तसंच.

पहिली हालचाल. नखाची पाठ पहिल्या तारेवर वरून खाली मारा. टण्. नख तार ओलांडून खाली गेलं, आणि त्याच क्षणी अंगठा पाचव्या तारेवर येऊन टेकला पाहिजे. वाजवायचा नाही, टेकवायचा. प्रत्येक फटक्याला अंगठा घरी येतो. हे 'अंगठा घरी' न चुकता व्हायला लागलं की अर्धं काम झालं. दोन दिवस एवढंच करा. मग हाच फटका दुसऱ्या तारेवर, तिसरीवर, चौथीवर. नख मारलेल्या तारेवरून पुढच्या तारेवर जाऊन विसावतं, हवेत उडत नाही.

दुसरी हालचाल. त्याच नखाने खालच्या दोन-तीन तारा एकदम झाडा. झण्. हलकेच. झाडू मारल्यासारखं नव्हे, पुस्तकावरची धूळ उडवल्यासारखं. अंगठा पुन्हा पाचव्या तारेवर आलेलाच आहे.

तिसरी हालचाल म्हणजे हात वर येताना. टेकलेला अंगठा पाचवी तार सोडतो. टिं. अंगठ्याने ओढायची गरज नाही, हात वर उचलला जातो तशी तार आपसूक सुटते.

तिकडे या तिघांना मिळून 'बम-डिटी' म्हणतात. मला ते कधी जिभेवर बसलं नाही, म्हणून मी माझे बोल केले:

टण् ‧ झण् टिं | टण् ‧ झण् टिं

चार मात्रा: पहिलीवर टण्, दुसरी मोकळी, तिसरीवर झण्, चौथीवर टिं. दोनदा म्हटलं की आठ मात्रा. केरवा ऐकून वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही. खरी गोची त्या मोकळ्या मात्रेत आहे. नवशिका ती खातो, आणि मग तीन सारख्या टोल्यांचा दादरा होऊन बसतो. तोंडाने बोल मोठ्याने म्हणा, मोकळ्या मात्रेवर पाय आपटा. मेट्रोनोम लावायचाच तर मिनिटाला ५० वर ठेवा आणि एका ठोक्यात चारही मात्रा बसवा. माउंट एरीकडचे लोक याच्या दुप्पट वेगाने सहज वाजवतात. तुम्ही सहा महिने तिकडे बघू नका.

रोज दोनदा दहा-दहा मिनिटं. रविवारचे सलग दोन तास कामाचे नाहीत, हात आखडतो आणि शेजारी बेल वाजवतात. मी बातम्यांचा आवाज बंद करून टीव्हीसमोर बसायचो. बायको म्हणाली, "निदान बातम्या तरी चालू कर."

कुठे चुकतं ते ओळखायच्या दोन खुणा. बोटाचा सांधा दुखतोय, तर बोट झटकलं जातंय, पंजा हलत नाहीये. पाचव्या तारेचा आवाज कधी येतो कधी नाही, तर अंगठा घरी येत नाहीये. दोन्हींवर औषध एकच: वेग निम्मा करा आणि आरशासमोर बसा.

नखाबद्दल दोन शब्द. बोटाच्या पेराच्या पुढे दोनेक मिलिमीटर पुरतं. भांडी घासणाऱ्यांचं, स्कूटर दुरुस्त करणाऱ्यांचं नख टिकत नाही. त्यांनी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातून खोटं नख आणून चिकटवावं. पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून चिकटवणारे महाभागही आहेत, आणि तो चालतो. हात घोडीपाशी न ठेवता दांडी जिथे पुडीला मिळते तिथे आणा, आवाज एकदम भरदार होतो.

डावा हात आणि पहिली चाल

ओपन जी लावण्यात सरगम अशी मिळते: सा तिसरी तार मोकळी, रे तिसरीचा दुसरा पडदा, ग दुसरी तार मोकळी, म दुसरीचा पहिला पडदा, प पहिली तार मोकळी, ध पहिलीचा दुसरा पडदा, नी चौथा, आणि पाचव्यावर वरचा सा. बोट पडद्यावर नव्हे, पडद्याच्या लगेच मागे दाबायचं.

पहिली चाल 'बॉइल देम कॅबेज डाउन'. कोबी उकडण्याचं गाणं आहे, फार गांभीर्याने घेऊ नका. तिला चारच सूर लागतात आणि डाव्या हाताला दोनच जागा. खालचा प्रत्येक सूर म्हणजे एक पूर्ण 'टण् ‧ झण् टिं'. सूर फक्त 'टण्'वर वाजवायचा, बाकी ठेका जसाच्या तसा.

ग ग म म
ग ग रे रे
ग ग म म
ग रे सा सा

सोळा ठेके झाले. चाल झाली. पहिल्यांदा मला हे जमलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, आणि मी ते वीस वेळा वाजवलं. त्या कोंडाळ्यात आठव्या मिनिटाला काय होत होतं ते तेव्हा हातातून कळलं. डोकं मोजणं सोडतं.

हे रोजचं झालं की 'म'च्या वेळी नुसत्या म ऐवजी पूर्ण सी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरा (दुसरीचा पहिला, चौथीचा दुसरा, पहिलीचा दुसरा पडदा), म्हणजे 'झण्' गोड लागेल. 'रे'च्या वेळी तिसरीचा दुसरा आणि दुसरीचा पहिला. एवढे दोन कॉर्ड बरेच दिवस पुरतात.

मग मोकळ्या मात्रेत जीव भरायचा. 'टण्' वाजवून झाल्यावर, त्याच तारेवर डाव्या हाताचं बोट नेमकं दुसऱ्या मात्रेवर ठोकायचं, उजवा हात न हलवता. दुसरा सूर निघतो. हा हॅमर-ऑन. उलट, दाबलेलं बोट तारेला जरा ओरबाडून उचललं की खालचा सूर निघतो, तो पुल-ऑफ. सतारवाले कृंतन म्हणतात त्याचा चुलतभाऊ. तिसरी तार मोकळी वाजवून दुसऱ्या पडद्यावर ठोका, सा-रे. पहिलीवर दुसरा पडदा दाबून सोडा, ध-प. ओल्ड-टाइमचा अर्धा अलंकार यातच आहे. अंगठ्याने आतल्या तारा वाजवण्याला 'ड्रॉप थंब' म्हणतात. त्याच्या वाटेला वर्षाच्या आत जायचं कारण नाही. बरेच जुने वादक ते बेतानेच वापरत.

कानाने चाल उचलणं

टॅब नावाची आकड्यांची लिपी मिळते, कुठल्या तारेवर कुठला पडदा ते सांगणारी. सुरुवातीच्या दोन-तीन चालींना ती घ्या, मग बंद करा. कारण सांगतो. या संगीतात एका चालीची एकच 'खरी' आवृत्ती नसते. नॉर्थ कॅरोलायनातला टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) वाजवायचा ती चाल शेजारच्या काउंटीत वेगळी. टॅब म्हणजे कोणा एकाचा एका दिवसाचा फोटो.

माझी रीत अशी. आधी चाल आठवडाभर फक्त ऐकायची, भांडी घासताना, बसमध्ये. बोट लावायचं नाही. गुणगुणता आली की मगच पुढे. मग षड्ज कुठे आहे ते पेटीवर शोधायचं. मग चाल सरगममध्ये म्हणायची, आणि त्यातले जोराचे सूरच तेवढे ठेवायचे, प्रत्येक ठेक्याला एक. बाकीचे गाळायचे. हा सांगाडा ठेक्यात बसवून वाजवला की चाल ओळखू येते. मांस नंतर भरता येतं. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, एक खालचा आणि एक वरचा, आणि प्रत्येक दोनदा. नेहमीच्या वेगाने अख्खं चक्र अर्ध्या मिनिटाच्या थोडं पुढे जातं.

आपल्याला इथे एक आयती सवलत आहे. यातल्या कितीतरी चाली पाच सुरांच्या आहेत. 'अँजेलिन द बेकर' सरगममध्ये म्हणून बघा: सा रे ग प ध, मध्यम नाही, निषाद नाही. भूप नव्हे, चलन सगळं वेगळं. पण भूप गळ्यात असलेल्याला सूर शोधत बसावं लागत नाही. मला ती चाल एका संध्याकाळी मिळाली, आणि माझ्यानंतर सुरू केलेल्या एका अमेरिकन मित्राला ती इतक्या लवकर मिळाली नाही, हे सांगताना मला आजही बरं वाटतं.

ऐकायचं काय? जुनं आणि घरगुती. व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनचा हेन्री रीड नावाचा फिडलवाला होता. ॲलन जबूर या संग्राहकाने १९६६-६७ मध्ये त्याचं वादन टेप केलं, आणि ते सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट आहे. बँजोसाठी माउंट एरीजवळच्या राउंड पीक भागातले फ्रेड कॉकरहॅम आणि काइल क्रीड ऐका. क्रीड स्वतः बँजो बनवायचा. आणि जो थॉम्पसनला ऐकाच. मी राहायचो तिथून तासाभराच्या आत असलेल्या मेबेन गावचा हा कृष्णवर्णीय फिडलवादक (१९१८–२०१२). त्याच्या पिढीनंतर कृष्णवर्णीयांमधली ही परंपरा जवळजवळ थांबली होती. २००५ साली नॉर्थ कॅरोलायनात बून इथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. त्यातून जमलेली तीन तरुण मुलं त्याच्या घरी जाऊन शिकायला लागली आणि पुढे कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स म्हणून गाजली. 'गोऱ्यांचा' म्हणणाऱ्या आमच्या दुकानदार काकांना मी हे ऐकवणार आहे, कधीतरी.

बाकीची लावणी

बँजोवाले एका लावण्यावर थांबत नाहीत. 'डबल सी' सगळ्यात कामाचं: पांढरी एक षड्ज धरली तर चौथी सा, तिसरी प, दुसरी वरचा सा, पहिली रे, आणि पाचवी वरचा प. ओपन जीवरून इकडे यायला फक्त चौथी तार खाली आणि दुसरी अर्धा सूर वर. फिडलवाल्यांना डी आवडतो, म्हणून दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावायचा आणि पाचवी दोन पडदे चढवायची. 'सॉमिल' लावण्यात ओपन जीमधली दुसरी तार गंधारावरून मध्यमावर नेतात. बाकी काही नाही. पण मोकळ्या तारांतून गंधार गेला, की चाल आनंदी की दुःखी तेच कळेनासं होतं. पावसाळी दुपारी हे लावून नुसता ठेका धरून बघा.

चार लोकांत बसताना

तिकडे जाणं झालं तर जॅममध्ये, म्हणजे अशा वाजवणाऱ्यांच्या कोंडाळ्यात, जरूर बसा. व्हर्जिनियात गॅलॅक्स इथे १९३५ पासून फिडलवाल्यांचं संमेलन भरतं, वेस्ट व्हर्जिनियातलं क्लिफटॉपचं उन्हाळी शिबिर तर तंबूतंबूंतून रात्रभर वाजत असतं. रिवाज कोणी लिहून देत नाही, म्हणून सांगतो. फिडल चाल ठरवते आणि तीच पुढे असते. एका कोंडाळ्यात बँजो एकच बरा. आधीच कोणी बसला असेल तर मागे बसा आणि हळू वाजवा. चाल येत नसेल तर तारांवर डावा पंजा आडवा टेकवून नुसता ठेका द्या, याला कोणी नावं ठेवत नाही. दोन चालींच्या मध्ये एकटेच खुडखुड करत बसू नका. षड्ज बदलायचा म्हणजे बँजोवाल्याला तारा पुन्हा लावाव्या लागतात, म्हणून एकाच पट्टीत तासभर बसतात. तुम्हीच मध्ये "आता डीमध्ये घेऊ या" म्हणालात तर सगळे तुमच्याकडे बघतील. आणि चाल संपवायची खूण म्हणजे फिडलवाला एक पाय वर उचलतो. तो पाय दिसला की हे शेवटचं चक्र.

इथे पुण्यात माझ्यासोबत ऑफिसातला एक जण आहे, कर्नाटकी व्हायोलिन शिकलेला. मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवतो आणि ॲपलेशियन चाली वाजवतो. माउंट एरीच्या म्हाताऱ्यांनी पाहिलं तर हसतील, पण पहिल्या चक्रानंतर खुर्ची पुढे ओढतील याची मला खात्री आहे. अडचण एकच. मांडी घातलेला माणूस पाय वर कसा करणार? त्यामुळे आमची चाल कधी संपते ते आम्हालाही ठाऊक नसतं. गेल्या रविवारी स्वयंपाकघरातून कुकरची तिसरी शिटी झाली तेव्हा थांबलो.